व्हिजन लिहिताना आधी माणूस दिसू दे

सप्रेम सलाम. तुझा प्रश्न दोनदा वाचला, मग एक दिवस तसाच ठेवला आणि आज निवांत लिहायला बसलेय, त्यामुळे उत्तर लांब होणार.

तू विचारलंस ते थोडक्यात असं. वय २९, राहायला कल्याण, फोर्टला एका विमा कंपनीच्या ऑफिसात मेडिक्लेमचे क्लेम बघण्याचं काम. वडील गेल्यापासून घर तुझ्यावर, धाकटा भाऊ डिप्लोमाला. मे महिन्यात तरुण संघाच्या कॅम्पला सगळ्यांना पर्सनल व्हिजन लिहायला सांगितलं, तू लिहिलंस की "देवाच्या गौरवासाठी जगणे आणि अनेकांसाठी आशीर्वाद होणे", सगळे आमेन म्हणाले, आणि पंधरा दिवसांत तो कागद कुठे गेला तेही आठवेना. आता तुला स्पष्ट आणि मनाला उभारी देणारं व्हिजन कसं लिहायचं ते हवंय, आणि मुळात हे ख्रिस्ती आहे की कंपन्यांकडून उचललेलं फॅड, हेही विचारलंयस.

मी शाळेत शिक्षिका होते, आता रिटायर झालेय, आणि गेली २१ वर्षं मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, तरुण मुलामुलींबरोबर एकेकाला घेऊन हेच काम करत आलेय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. ज्या व्हिजनमध्ये माणूस दिसत नाही ते टिकत नाही. तुझ्या वाक्यात चूक काहीच नाही, पण तेच वाक्य तुझ्या पाळकसाहेबांना लागू पडतं, माझ्या आईला लागू पडत होतं, आणि उद्या कोणी नवीन बाप्तिस्मा घेतला तर त्यालाही लागू पडेल. ते सगळ्या ख्रिस्ती लोकांचं आहे, तुझं एकटीचं त्यात काही नाही, म्हणून सोमवारी सकाळी कल्याण स्टेशनच्या गर्दीत उभं राहिल्यावर ते तुला हाक मारत नाही.

फॅडचं आधी सांगून टाकते. शब्द कंपन्यांनी खूप वापरलाय हे खरं, पण हबक्कूक संदेष्ट्याला देव सांगतोच की दर्शन लिही, पाट्यांवर स्पष्ट लिही, धावणाऱ्यालाही वाचता आलं पाहिजे. प्रभू येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाची गुंडाळी उघडून दीन, बंदिवान, आंधळे, ठेचलेले अशी माणसं एकेक करून वाचून दाखवली, लूक ४ काढून बघ, त्यात गुणांची यादी नाही, माणसांची आहे. मात्र दोन वचनं आपण फार ओढूनताणून वापरतो. नीतिसूत्रे २९:१८ प्रत्येक कॅम्पच्या बॅनरवर असतं, व्हिजन नसेल तर लोक नाश पावतात म्हणून, पण तिथला मूळ हिब्रू शब्द संदेष्ट्याला देवाकडून होणाऱ्या दर्शनाचा आहे, ते नसलं की लोक मोकाट सुटतात असा त्याचा अर्थ, आणि त्याच ओळीचा पुढचा भाग नियमशास्त्र पाळणाऱ्याला धन्य म्हणतो. म्हणजे आधी देवाचं ऐकणं आलं, माझी स्वप्नं मागून. दुसरं यिर्मया २९:११, "तुमच्याविषयीचे माझे संकल्प मला ठाऊक आहेत" ते. हे बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे, त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं लागतील असं लिहिलंय, आणि त्याच्याही आधी घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा असं. प्रमोशनसाठी ते वचन स्टेटसला ठेवणाऱ्यांना मी रागवत नाही, पण व्हिजन लिहायला बसलेल्या माणसाने तो अख्खा अध्याय वाचावा, खास करून मुंबईत राहणाऱ्याने.

आता मूळ कामाकडे येऊ. पहिले तीन आठवडे व्हिजन लिहायचंच नाही. नहेम्याकडे बघ, राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा, चांगली सुरक्षित नोकरी, आणि किसलेव महिन्यात त्याला कळतं की यरुशलेमचा कोट, म्हणजे तटबंदी, पडलाय. तो खाली बसतो, रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो, आणि राजाशी बोलतो ते नीसान महिन्यात, म्हणजे मधे साधारण चार महिने गेले. राजाने विचारलं तेव्हा किती दिवस लागतील, कोणाच्या नावाने पत्रं हवीत, लाकूड कुठून मिळेल, सगळं त्याच्या तोंडावर तयार होतं. कोट ५२ दिवसांत पुरा झाला हे आपण प्रत्येक संदेशात सांगतो, ते आधीचे चार महिने मात्र कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते व्हिजन त्या चार महिन्यांत तयार झालं.

तर एक छोटी वही घे, फोनमध्ये नको, फोन उघडला की बाकीचं सगळं उघडतं. रोज रात्री दोनतीन ओळी. आज कशाने डोळ्यांत पाणी आलं किंवा आतून चीड आली, कुठलं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही, आणि लोक मला कशासाठी बोलावतात. या तिसऱ्या गोष्टीकडे जास्त लक्ष दे, कारण आपली कृपादाने, म्हणजे देवाने दिलेल्या देणग्या, आपल्याला स्वतःला सगळ्यात शेवटी दिसतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधीच माहीत असतात.

आणि जागेचं बोलायचं तर घरी तुला शांतता मिळणार नाही हे मला दिसतंय. तुझं ऑफिस फोर्टला आहे म्हणून सांगते, सेंट थॉमस कॅथेड्रल तुला चालत जाण्यासारखं असेल, १७१८ साली उपासनेसाठी उघडलेलं, ज्याच्यावरून चर्चगेटला चर्चगेट नाव पडलं. लंच टाइमला डबा लवकर आटपून आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं जाऊन बस. प्रार्थना सुचली नाही तरी चालेल, भिंतींवरच्या संगमरवरी पाट्या वाच. मी मुलांना तिथे घेऊन जाते आणि सांगते, एक पाटी निवडा आणि हा माणूस कोणासाठी जगला ते त्या पाटीवरून मला सांगा. हुद्दा सापडतो, रेजिमेंट सापडते, गुणांची लांबलचक यादी सापडते, पण कोणासाठी हे शोधताना मुलं अडतात. मग बाहेर पडून हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसून आम्ही वह्या उघडतो, आणि तेव्हा मात्र "उत्कृष्ट, प्रामाणिक, समर्पित" असले शब्द कोणीही लिहीत नाही.

तीन आठवड्यांनी एक पूर्ण पान लिही, आणि विषय हा, दहा वर्षांनंतरचा एक मंगळवार. रविवार घेऊ नकोस. आपल्या मंडळीतल्या लोकांची व्हिजनं सगळी रविवारची असतात, स्टेजवर उभं राहून साक्ष देतोय, हॉल भरलाय, लोक पुढे येतायत, आणि आयुष्य तर मंगळवारी जगायचं असतं. तर मंगळवार लिही, सकाळी किती वाजता उठलीस, घरात कोण आहे, डब्यात काय, कुठे निघालीस, वाटेत कोण भेटलं, तुझ्यामुळे कोणाचं काय हलकं झालं, रात्री दमून झोपताना प्रभूला काय सांगितलंस. नुसतं वर्णन, साध्या भाषेत, घरी बोलतो तसं.

एक उदाहरण सांगते, नाव नाही सांगत. आमच्याकडे एक मुलगा होता, परळला लॅब टेक्निशियन. त्याने आधी लिहिलं होतं "ख्रिस्ताचे प्रेम जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचवणे". मंगळवारचं पान लिहायला सांगितलं तर जग कुठल्या कुठे गेलं. त्याने लिहिलं की तीनला ड्युटी सुटली, टाटा हॉस्पिटलच्या बाजूच्या फुटपाथवर बाहेरगावचं एक कुटुंब बसलंय, बाईच्या मांडीवर पोरगं, बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत एक्सरे आणि रिपोर्ट, पावसात भिजू नये म्हणून पिशवीला तीन गाठी मारल्यात. ते वाचताना तीन गाठींपाशी त्याचा आवाज बसला. मी विचारलं, दहा वर्षांनंतरचं लिहायचं होतं ना? तर म्हणाला, हे रोज बघतो. मग आम्ही जगाचा कानाकोपरा बाजूला ठेवला आणि त्याचं व्हिजन असं झालं, "उपचारासाठी परळला आलेल्या परगावच्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ओळखीचं मिळावं. मी त्याला कुठला कागद कुठल्या खिडकीवर लागतो ते सांगेन, राहायची सोय शोधून देईन, आणि त्याने म्हटलं तर त्याच्यासाठी तिथेच प्रार्थना करीन." दर शनिवारी जातो तो, सहा वर्षं झाली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेची चौकशी कशी करायची हे त्याला तोंडपाठ आहे. आता त्याच्याबरोबर अजून चार जण असतात. उभारी कुठून येते असं तू विचारलंस ना, त्या पिशवीच्या तीन गाठींतून आली. प्रेमाला चेहरा मिळाला की माणूस आपोआप उठतो, त्याला दुसऱ्या कोणी ढकलावं लागत नाही.

आता तुझ्याकडे वळते. तू प्रश्नात मधेच, तक्रार केल्यासारखं, एक वाक्य लिहिलंयस की "ऑफिसात क्लेम, आणि ट्रेनमध्येपण लेडीज डब्यातल्या बायका फॉर्म घेऊन येतात, मावशा तर डिस्चार्ज समरी थेट हातातच देतात, त्यामुळे स्वतःसाठी वेळच उरत नाही". अगं, मी तिथेच थांबले. बाकीचं पत्र व्हिजन नाही म्हणून लिहिलंय आणि व्हिजन त्या ओळीत बसलंय. त्या बायका तुझ्याकडेच का येतात? तू समजेल असं सांगतेस म्हणून येत असणार, आणि त्यांना कोणी फसवू नये असं तुला वाटतं हे त्यांना कळत असणार. दवाखान्याचं बिल आलं की घरातली बाई आधी मंगळसूत्र गहाण ठेवते आणि मग कोणीतरी सांगतं की अहो तुमची पॉलिसी होती की, हे तू क्लेमच्या टेबलावर रोज बघत असशील. तुझं व्हिजन मी लिहून देणार नाही, ते तुलाच प्रभूसमोर बसून लिहायचंय, पण कसं दिसेल याचा एक कच्चा नमुना देते: "माझ्या डब्यातल्या आणि माझ्या मंडळीतल्या कुठल्याही बाईने आजारपणाच्या कागदांना घाबरून हक्काचे पैसे सोडू नयेत. मला जे कामाचं ज्ञान देवाने दिलंय ते मी तिच्या भाषेत तिला देईन, आणि त्या वेळी तिला एकटं वाटू देणार नाही." तुझं जुनं वाक्य यात आहेच, देवाचा गौरवही आहे आणि आशीर्वादही, फक्त आता तो कोणाला आणि कुठे ते दिसतंय.

दोनतीन वाक्यांच्या वर जाऊ नकोस. कोण, कुठे, त्यांचं काय बदलावं, आणि त्यात माझा हात कुठला, एवढं आलं की पुरे. मग ते तुझ्या आईला वाचून दाखव. आईने "म्हणजे काय गं?" विचारलं तर अजून स्पष्ट झालं नाही, परत लिही. "एक्सलन्स", "इम्पॅक्ट" असे शब्द आले तर खोडून तिथे कोणाचं तरी नाव घालून बघ.

लिहून झाल्यावर मी दोन गोष्टी तपासते. एक, हे व्हिजन कशाला नाही म्हणतं? मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे, कफर्णहूममध्ये अख्खं गाव दाराशी जमलं होतं, दुसऱ्या दिवशी पहाटे येशू एकांतात प्रार्थना करतोय आणि शिमोन शोधत येऊन म्हणतो सगळे तुम्हाला शोधतायत. येशू म्हणतो चला, जवळच्या दुसऱ्या गावांत जाऊ, मी त्याचसाठी आलोय. गरजू लोक दाराशी असताना तो निघाला, कारण आपण कशासाठी आलोय हे त्याला स्पष्ट होतं. नहेम्यालाही विरोधकांनी चार वेळा बोलावलं आणि चारही वेळा त्याने तेच उत्तर पाठवलं, मी मोठ्या कामात आहे, मला खाली येता येत नाही. तू गायनमंडळात आहेस, संडे स्कूल घेतेस, तरुण संघाची खजिनदार आहेस, असं लिहिलंयस. तिन्ही कामं चांगली आहेत. तिन्ही तुझी आहेत का, हे तुझं व्हिजन तुला विचारेल, आणि एखादं काम वर्षाच्या शेवटी नम्रपणे दुसऱ्याच्या हाती द्यावं लागेल. मंडळीत थोडं वाईट वाटतं लोकांना, पण मग तिथे नवीन कोणीतरी उभं राहतं.

दुसरी गोष्ट, घर त्यात आहे का? तू लिहिलंयस की घर चालवतेय म्हणून व्हिजन बाजूला पडतंय. यावर मी जरा जोर देऊन बोलणार. आईबापाला द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलंय, असं सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूने फार कडक शब्दांत सुनावलंय, मार्क ७ मध्ये. भावाची फी भरणं ही तुझ्या पाचारणाच्या आड येणारी गोष्ट नाही, ती त्यातलीच आहे. माझ्या पहिल्या व्हिजनमध्ये मी मंडळीतली सात कामं लिहिली होती आणि घरातलं एकही माणूस त्यात नव्हतं. मिस्टरांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, यात आम्ही कुठे? तो कागद अजून माझ्याजवळ आहे, मुलांना दाखवते. तुझ्या मंगळवारच्या पानात आई आणि भाऊ आले पाहिजेत, आणि आले नाहीत तर पान अर्धंच झालंय असं समज.

मग तिघांना दाखव. एक जो तुझ्यावर प्रेम करतो, एक जो तुला कामावर बघतो, ख्रिस्ती नसला तरी चालेल, आणि एक विश्वासात मुरलेली वडीलधारी व्यक्ती. अंत्युखियात मंडळी उपासना आणि उपास करत असताना पवित्र आत्मा बोलला आणि मंडळीने हात ठेवून बर्णबा आणि शौलाला, म्हणजे पौलाला, पाठवलं, त्यांनी आपलं आपण ठरवून घोषणा केली नाही. तिघांपैकी दोघे म्हणाले की हे तुझ्यासारखं वाटत नाही, तर ऐक त्यांचं.

आणि पेन्सिलने लिही. खरंच पेन्सिलने. पौलाने रोमकरांना लिहिलंय की मला स्पेनला जायचंय, जाता जाता तुम्हाला भेटेन. रोमला तो पोचला तो कैदी म्हणून, आणि प्रेषितांची कृत्ये संपतात तेव्हा तो तिथे भाड्याच्या घरात दोन वर्षं राहतोय, येणाऱ्याजाणाऱ्याला राज्याची सुवार्ता सांगतोय. स्पेनचं पुढे काय झालं ते बायबल सांगत नाही. पण जिथे ख्रिस्ताचं नाव पोचलं नाही तिथे जायचं ही त्याची ओढ सुटली नव्हती, गाव बदललं, ओढ तीच. याकोब म्हणतो तसं, "प्रभूची इच्छा असेल तर" हे तुझ्या कागदाच्या वरती लिहून ठेव.

पंडिता रमाबाईंचं बघ ना, आपल्या मुंबईतच ११ मार्च १८८९ ला शारदा सदन सुरू झालं, उच्चवर्णीय बालविधवांसाठी, अगदी मोजक्या मुलींवर. त्यातली एक गोदूबाई, जी पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. पुढच्या वर्षी सदन पुण्याला गेलं, मग १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि त्यांनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणायचं काम मरेपर्यंत केलं. १८८९ च्या कागदावर यातलं बरंचसं नसणार. पण प्रत्येक टप्प्यावर समोर आधार नसलेली बाईच आहे, ती कधी हलली नाही. म्हणून मी मुलांना सांगते की योजना बदलली तर घाबरू नका, समोरचा चेहरा हरवला तर मात्र थांबा आणि परत वहीपाशी या.

कागद कुठे ठेवायचा, रोज वाचायचा का, हे फार महत्त्वाचं नाही. मी प्रभुभोजनाच्या रविवारी, महिन्यातून एकदा वाचते, तेव्हा तसंही स्वतःला तपासायचं असतं. उभारी कमी झाली असं वाटलं तर नवीन वाक्य शोधत बसू नकोस, त्या माणसांपाशी जाऊन ये. तो परळवाला मुलगा मधे तीन महिने थंडावला होता, परीक्षा होती त्याची. त्याला मी एकही वचन दिलं नाही, म्हटलं शनिवारी नुसता चालत जाऊन ये त्या गल्लीतून. गेला, आणि रात्री फोन आला, मावशी, एका आजोबांना सोडून आलोय धर्मशाळेत.

सुरुवात म्हणून एवढं कर. येत्या मंगळवारी डब्यात कोणी फॉर्म पुढे केला की आधी तिचं नाव विचार, घरी कोण आजारी आहे ते विचार, आणि उतरल्यावर ते नाव वहीत लिही. रात्री त्या नावासाठी प्रार्थना कर. तीन आठवड्यांत किती नावं जमतात ते बघू, मग मंगळवारचं पान लिहायला घे आणि मला पाठव, मी वाचीन.